बाळाच्या टाळूवर खपली, बाळंतिणीच्या डोक्यात कोंडा: घरगुती काय चालतं आणि काय नाही?

मावशी_दर्यापूर

नमस्कार. बहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे, बाळ दोन महिन्यांचं. त्याच्या टाळूवर आणि भुवयांत पिवळट, चिकट खपली धरली आहे. बाळ खाजवत नाही, दूध नीट पितं, झोपतं. बहिणीच्याही डोक्यात कोंडा आहे, कानामागे लाल होतं आणि खाज सुटते.

घरात तीन मतं. आजी म्हणते टाळू तेलाने भरलेलीच पाहिजे, खपली आपोआप गळेल. शेजारच्या काकू खोबरेल तेलात कापूर आणि लिंबू पिळून लावायला सांगतात, दोघांनाही. मेडिकलमधून एक मलमाची ट्यूब आणली आहे, अजून उघडली नाही. पाणी बोअरचं, खारं. साबणाचा फेस होत नाही, केस धुतले तरी चिकटच.

दोघांना एकच उपाय चालतो का? तेल कोणतं, किती वेळ? रिठा-शिकेकाईचं नेमकं प्रमाण कुणाला माहीत असेल तर सांगा. शक्यतो घरातल्या वस्तूंतच भागवायचं आहे.

उपकेंद्र_सिस्टर

ताई, दोघांना एकच उपाय चालत नाही. बाळाचं आधी सांगते, कारण तिथली चूक महाग पडते.

तुम्ही सांगताय त्याला डॉक्टर क्रेडल कॅप म्हणतात. तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत केव्हाही धरते आणि बहुतेक बाळांची सहा महिने ते वर्षभरात आपसूक जाते. ती कुणाच्या अस्वच्छतेने होत नाही, एकाची दुसऱ्याला लागत नाही. गर्भात असताना आईची संप्रेरकं बाळात उतरतात, त्यामुळे जन्मानंतर काही काळ त्याच्या तेलग्रंथी जोरात चालतात, असं मानलं जातं. हे जास्तीचं तेल सुटणाऱ्या कातडीला जागीच चिकटवून ठेवतं. भुवया, कानामागची जागा, मानेच्या घड्या, जांघ इथेही म्हणूनच खपली दिसते.

आजीचं अर्धं बरोबर आहे. तेलाने खपली मऊ होते. पण मऊ झालेली खपली धुऊन काढली नाही, तर तेच तेल पुढच्या खपलीला धरून ठेवतं, त्यावर धूळ बसते आणि थर जाड होत जातो. टाळू तेलाने भरावी लागत नाही. पुढची टाळू साधारण १२ ते १८ महिन्यांत हाडाने भरून येते, तेल घाला की न घाला. घरोघरी होतं असं की टाळूला हात लावायची भीती वाटते, तेवढाच भाग चोळायचा आणि धुवायचा राहतो, आणि खपली नेमकी तिथेच सगळ्यात जाड असते. टाळूवर मजबूत पडदा असतो. बोटाच्या पेराने हलकं चोळल्याने काही होत नाही, फक्त दाबायचं नाही.

आता करायचं कसं. आंघोळीच्या आधी एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, साधं खोबरेल तेल घ्या. सुगंधी नको, औषधी नको. ते फक्त खपलीवर बोटाने लावा, सगळं डोकं माखू नका. १५ ते २० मिनिटं ठेवा. थर फारच जाड असेल तर अर्धा तास, पण रात्रभर नाही. मग जुन्या सुती लुगड्याचा धुतलेला मऊ तुकडा तर्जनीला गुंडाळा आणि लहान लहान गोल फिरवत चोळा. बाळाचा मऊ ब्रश असेल तर तोही चालतो. जे सुटेल ते घ्या, जे चिकटलेलं आहे ते उद्यावर सोडा. नखाने उचकटलं किंवा उवांच्या फणीने ओढलं की खाली ओलसर लाल कातडी उघडी पडते आणि तिथे पू धरतो.

त्यानंतर वाटाण्याएवढा बेबी शाम्पू तळहातावर पाण्यात मोडून लावा. बाळाचं डोकं मागे झुकवून, कोपर बुडवून पाहिलेल्या कोमट पाण्याने दोन-तीन मग घाला. कपाळावरून पाणी पुढे येऊ देऊ नका. डोकं पुसून कोरडं झालं की कोऱ्या कागदाचा तुकडा टाळूवर हलका टेकवून उजेडात धरा. कागदावर पारदर्शक डाग पडला तर तेल राहिलं आहे, पुन्हा एकदा शाम्पू लागेल. धुतल्यावर वरून परत तेल लावायचं नाही. आजींना सांगा, मालीश करा ना खुशाल, पण ती आंघोळीआधी.

पहिला आठवडा रोज किंवा एक दिवसाआड, खपली उतरली की आठवड्यातून दोनदा पुरे. खपलीबरोबर थोडे केस येतात, ते परत उगवतात. भुवयांना तेलाचं बोट लावून पाच-दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने पुसा. मानेच्या घडीत तेल आणि पावडर दोन्ही नको. तिथे ओल आणि पावडर मिळून लगदा होतो.

दहा आठवड्यांच्या लसीला जाल तेव्हा एएनएमला (लस देणाऱ्या नर्सताईला) डोकं दाखवा. टोपी काढूनच दाखवा, नाहीतर कुणाच्या लक्षात येत नाही.

वऱ्हाडी_माय

सिस्टरनं बराबर सांगतलं. मी फक्त काय करू नोका ते सांगतो.

लेकराच्या डोक्याले बेसन-हयदीचं उटणं नोको. नाजूक चामडी घासून निंगते. लिंबू तं अजिबात नोको, चरचरते आन् डोळ्यात गेलं तं रडून रडून हैराण. टाकणखार काही घरी पाण्यात टाकतात, तो लेकराले जहर हाय. शेंगदाण्याचं तेल खपली फुटली असंन तं लावू नोका, तुटल्या चामडीतून शेंगदाण्याची ॲलर्जी बसू शकते. आंग धुतल्यावर ओवा-वावडिंगाच्या धुरीवर लेकरू धरतात, त्यानं खपली जात नाई, छातीत धूर मात्र जाते.

आन् बाळंतिणीचं वांगं, दही, आंबट बंद करू नोका. तिच्या जेवणाचा या खपलीशी काही संबंध नाई. उपाशी राहून दूध कमी होईन ते वेगळंच.

रिठे_शिकेकाई

बहिणीचा कोंडा: मुळाशी एक यीस्ट, म्हणजे सूक्ष्म बुरशी आहे, मॅलॅसेझिया नावाची. फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी ती १८७४ मध्ये कोंड्यात पाहिली, त्यांच्याच नावावरून हे नाव. ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते. तिला स्वतःची स्निग्ध आम्लं बनवता येत नाहीत; २००७ साली तिचा जनुकीय आराखडा वाचला गेला तेव्हा त्यासाठी लागणारा जनुकच तिच्यात नाही हे दिसलं. म्हणून ती आपल्या डोक्यावरचं तेल फोडून खाते, आणि उरलेलं ओलिक आम्ल कातडीवर तसंच राहतं. ज्यांच्या कातडीला ते सोसत नाही, त्यांची कातडी घाईघाईने नवी बनते आणि जुनी पापुद्र्यांनी गळते. तोच कोंडा.

यातून तेलाचा हिशेब लागतो. कोंडा म्हणजे डोकं कोरडं पडलं, अशी समजूत आहे, म्हणून लोक रात्री तेल चोपडून झोपतात. म्हणजे यीस्टला रात्रभर पंगत. शेंगदाणा तेलात जवळपास निम्मं ओलिकच असतं, ऑलिव्ह तेलात त्याहून जास्त. करडई त्या मानाने बरी, तिच्यात ओलिकऐवजी लिनोलिक हे दुसरं स्निग्ध आम्ल जास्त. खोबरेल मधलं: मऊ करायला चांगलं, ठेवून द्यायला नाही. जवसाचं तेल आपल्याकडे घरचं मिळतं म्हणून लावतात, पण ते वाळणारं तेल आहे, हवा लागली की चिकट पापुद्रा धरतं. रंग-वार्निशमध्ये ते त्याच गुणामुळे वापरतात. डोक्यावर त्याचं दुसरं काय होणार? एरंडेल इतकं घट्ट की धुऊन निघत नाही. थोडक्यात, कोणतंही तेल लावलं तरी अर्ध्या तासात धुऊन टाकायचं.

आता पाणी. तुम्ही दर्यापूरचे, म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असले की साबण त्यांच्याशी मिळून न विरघळणारा चिकट पांढरा साका करतो. हा साका केसांच्या मुळाशी बसतो, वाळला की भुरभुर गळतो आणि कोंड्यासारखाच दिसतो. पाणी उकळून क्षारांचा काही भाग तळाला बसेल, खारेपणा मात्र जात नाही. उपाय असा: अंगाचा किंवा कपड्यांचा साबण डोक्याला लावायचाच नाही. शाम्पू किंवा रिठा या पाण्यात साका करत नाही, फेस कमी आला तरी मळ निघतो. शेवटचे दोन-तीन मग नळयोजनेच्या किंवा पावसाच्या गोड्या पाण्याचे घाला.

रिठा: वाळलेली ८ ते १० फळं फोडून काळ्या बिया काढून टाका. साल अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर १० मिनिटं उकळा, थंड झाल्यावर कुस्करून कपड्याने गाळा. लांब केसांच्या दोन धुण्यांना पुरतं. वापरताना तेवढंच पाणी मिसळा. शिकेकाई घालायची तर ४-५ शेंगा याच पाण्यात भिजवा. भांडं स्टीलचं घ्या, लोखंडी कढईत शिकेकाई काळी पडते. तयार पूड वापरत असाल तर गाळल्याशिवाय डोक्याला लावू नका. तिचे बारीक कण केसांत अडकतात आणि वाळल्यावर पुन्हा "कोंडा" दिसतो. काढा उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबतो, हिवाळ्यात दोन-तीन दिवस टिकतो. वास फिरला की फेकून द्या. ठेवायला फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली, कितीही धुतलेली असली तरी, वापरू नका.

धुतल्यानंतर कडुनिंबाचं पाणी: दोन मुठी ताजा पाला, एक लिटर पाणी, १०-१५ मिनिटं उकळून गाळलेलं. डोक्यावर १० मिनिटं ठेवून साध्या पाण्याने काढा. खाज कमी होते. एकट्या निंबाच्या पाण्यावर जुना कोंडा जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

शेतकरी_अंजनगाव

कापूर-खोबरेल मोठ्यांना तरी चालतं ना? आमच्या भागात सगळे लावतात, थंड वाटतं. आणि दही-मेथीचं कुणीच काही बोललं नाही.

मेडिकल_काउंटर

दादा, कापराने थंड वाटतं, खाज काही वेळ दबते, कोंडा तिथेच राहतो. मोठ्या माणसाने चिमूटभर वापरला तर सहसा त्रास नाही. पण इथे बहीण बाळाला अंगावर पाजते आहे. बाळाचं नाक-तोंड तिच्या केसांपाशी असतं. कापूर कातडीतून आणि श्वासावाटे शरीरात जातो आणि तान्ह्या बाळाला त्याने झटके येऊ शकतात. तेव्हा बाळाला नाहीच, आणि ज्या घरात तान्हं आहे तिथे आईच्या डोक्यालाही नको. निंबोळीच्या तेलाचंही तसंच. बाळाच्या डोक्याला नको आणि पोटात तर थेंबभरसुद्धा नको, मेंदूवर परिणाम झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. बहिणीला लावायचं असेल तर एक भाग निंबोळी तेल आणि दहा भाग खोबरेल, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहायचं.

दही: एक वाटी आंबट दही, २० मिनिटं, कोमट पाण्याने काढायचं. गरम पाणी घातलं तर दही फाटतं आणि त्याच्या गुठळ्या केसांत बसतात. दह्यातलं लॅक्टिक आम्ल पापुद्रे सैल करतं, यीस्टचा बंदोबस्त करत नाही. मेथी: दोन चमचे दाणे रात्रभर भिजवून अगदी गंधासारखे वाटायचे, जाडसर राहिले तर निघता निघत नाहीत. तिच्या बुळबुळीतपणाने केस मऊ होतात, खरा फायदा तेवढाच. हरभरा किंवा शेंगदाणा ज्यांना सोसत नाही त्यांनी मेथीही जपून.

लिंबू थेट चोळू नका. एक मग पाण्यात एक चमचा रस, शेवटच्या धुण्याला, आणि नंतर साध्या पाण्याने काढून मगच बाहेर. कागदी लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि ऊन लागलं तर चट्टे भाजल्यासारखे उठतात आणि काळे डाग महिनोन् महिने राहतात. कपाळ आणि मानेवर असे डाग वैशाखात सर्रास दिसतात.

घरगुतीत ज्यांची नीट चाचणी झाली आहे त्यात मध आणि कोरफड येतात. मधाची चाचणी २००१ ची: नऊ भाग मध, एक भाग कोमट पाणी, दोन-तीन मिनिटं हलकं चोळून तीन तास ठेवायचं, एक दिवसाआड, चार आठवडे. खाज आणि पापुद्रे दोन्ही गेले, बंद केल्यावर बऱ्याच जणांचं परत आलं, आठवड्यातून एकदा चालू ठेवलेल्यांचं आलं नाही. मेळघाटातला मध मिळत असेल तर करून पाहा, मात्र लांब केसांना तीन तास मध म्हणजे मुंग्यांना आमंत्रण. बाळापासून तो लांब ठेवा. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही, त्यातून बोटुलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. कोरफडीचं पान कापल्यावर आधी उभं धरून पिवळा चीक निथळू द्या, तो खाज आणतो. मग आतला पारदर्शक गर तेवढा लावा.

ट्यूबचं: नाव इथे लिहू नका, पण वेष्टनावर बेटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल लिहिलेलं असेल तर ते तीव्र स्टिरॉइड आहे. आपल्याकडे स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र केलेली मलमं चिठ्ठीशिवाय सर्रास दिली जातात. बाळाची कातडी पातळ, त्यातून ते पटकन आत जातं. दोन दिवसांत डोकं स्वच्छ दिसतं, बंद केलं की दुप्पट उलटतं. परत करा.

मावशी_दर्यापूर

ट्यूबवर बेटामेथासोनच आहे, परत करते. अजून दोन गोष्टी. रिठ्याचं पाणी पातळ करून बाळाला चालेल का? आणि बहिणीच्या केसांत धुतल्यावरही पांढरे ठिपके दिसतात, ते कोंडा की साबणाचा साका की लिखा, कसं ओळखायचं?

रिठे_शिकेकाई

बाळाला रिठा नाही. डोळ्यात गेला तर जबर जळजळ होते आणि बाळ डोळे मिटून धरू शकत नाही. बेबी शाम्पूच घ्या, महिन्याला एक छोटी बाटलीही संपत नाही.

ठिपके: एक केस धरून ठिपका दोन बोटांनी ओढा. सहज घसरून आला तर कोंडा. केसाला एका बाजूने घट्ट चिकटलेला, टोकाकडे सरकत नसेल आणि कानामागे, मानेवर जास्त असेल तर लीख. पूर्ण केसावर राखाडी-पांढरा मेणचट लेप असेल आणि फणी फिरवल्यावर तिच्या दातांत मऊ मळ जमत असेल तर साका. साका असेल तर आठ दिवस फक्त शाम्पू आणि गोडं पाणी, निम्मा "कोंडा" त्यातच जाईल.

उपकेंद्र_सिस्टर

बहिणीचं कानामागे लाल होतंय म्हणजे ते नुसत्या कोंड्याच्या पुढे गेलं आहे. रिठा-निंब चार आठवडे नीट करूनही फरक नसेल तर किटोकोनाझोल या बुरशीच्या औषधाचा २ टक्के शाम्पू लागतो. डॉक्टरला विचारून आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, नंतर आठ-पंधरा दिवसांतून एकदा. बहुतेकांची चूक एकच: लावलं की लगेच धुतात. तीन ते पाच मिनिटं डोक्याच्या कातडीवर राहू दिलं पाहिजे, केसांच्या टोकांना लावून उपयोग नाही. डोक्यावरून ते रक्तात जवळपास उतरत नाही, तरी दूध पाजते हे सांगावं, आणि पाजण्याआधी केस पूर्ण धुऊन बांधावेत.

बाळंतिणीचे केस ओलेच बांधून वर स्कार्फ गुंडाळतात, शेगडीजवळ बसवतात. त्या दमट उबेत यीस्टला बरं चालतं. आधी केस मोकळे वाळू द्या, मग डोकं बांधा. अजून महिन्याभराने तिचे केस मूठमूठ गळायला लागले तर घाबरू नका, ती बाळंतपणानंतरची गळती असते, कोंड्यामुळे नाही.

दवाखान्यात न थांबता कधी जायचं: बाळाच्या खपलीखालून पाणी किंवा पू येतो, दुर्गंधी येते, मानेच्या-जांघेच्या घड्या लालभडक ओल्या होतात, ताप येतो, दूध कमी पितं, खपली अंगभर पसरते. बाळ डोकं उशीवर घासतंय, खाजेने झोपत नाही, तर ते इसब असू शकतं. घरातल्या मोठ्या मुलाच्या डोक्यावर केस तुटून गोल चट्टा पडला असेल तर तो नायटा, त्याला पोटातून गोळ्या लागतात, तेल-काढ्याने पसरतच जातो. त्याची फणी आणि टॉवेल वेगळा करा. आणि केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आलेले जाड चंदेरी पापुद्रे, सोबत कोपर-गुडघ्यांवर तसेच चट्टे, हे सोरायसिस. त्यासाठी त्वचारोगाची ओपीडी गाठा, जिल्ह्याच्या ठिकाणी असते.